माय एकटी असताना चालेल असा पंप

प्रश्न : काका, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातला. सुरतेला उधन्यात लूमवर कामाला आहे, आखाजीसाठी गावी आलोय. आमच्याकडे नळाला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी येतं, ते अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत साठवतो. दोन गाई, एक बैलजोडी आणि दारात थोडा भाजीपाला आहे. मनी माय (माझी आई) रोज वीस-पंचवीस बादल्या टाकीतून शेंदून गुरांच्या हौदात ओतते. तिची कंबर आता साथ देत नाही. घरातल्या लाइटवरची मोटार नको, कारण लाइटचा भरवसा नाही आणि ओल्या अंगणात मायने त्या बटणाला हात लावावा असं मला वाटत नाही. म्हणून जुन्या बॅटरीवाल्या फवारणी पंपातली मोटार आणि १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी काढली. बॅटरी स्वयंपाकघरात ठेवली, तिथून टाकीपर्यंत १२ मीटर बेलची वायर ओढली आणि मध्ये बेड-स्विच लावला. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी स्विच वितळला. आता थेट जोडलं तरी दहा मिनिटांत बॅटरी बसते. चार्जरचा दिवा मात्र पंधरा मिनिटांतच हिरवा होतो. मोटरसायकलची बॅटरी लावू का? स्विच कोणता घ्यावा आणि कुठे बसवावा? पुढच्या आठवड्यात मला सुरतेला परत जायचंय.

उत्तर :

भाऊ, स्विचचं बोलू, बॅटरीचंही बोलू. पण पुढचं वाचण्याआधी उठा आणि गुरांच्या हौदातलं पाणी ओतून द्या. भाजीच्या वाफ्यात नको, विहिरीच्या बाजूला नको. हौद घासून धुवा, ते पाणीही लांब टाका, मगच बादलीने ताजं पाणी भरा.

फवारणीच्या पंपातून कपाशीवर काय काय गेलं असेल ते तुम्हालाच ठाऊक. त्या मोटारीच्या डोक्यात रबराचा पडदा असतो, रबराच्या झडपा असतात, पुढे नळी असते. औषध या रबरात मुरतं. तीनदा पाणी फिरवलं, साबणाने धुतलं, वास गेला, म्हणून औषध गेलं असं होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. कातडीवाटे आणि श्वासावाटे गेलेलं औषध माणसाचा जीव घेऊ शकतं, तर रोज पोटात जाणाऱ्या पाण्यात त्याचा अंशही नको. त्या गाईंचं दूध घरात येतं, हेही ध्यानात घ्या. दोन-तीन दिवस जनावरांवर लक्ष ठेवा. तोंडातून लाळ गळत असेल, अंग थरथरत असेल, पातळ शेण पडत असेल, वैरणीला तोंड लावत नसतील, तर जनावरांच्या डॉक्टरांना लगेच बोलवा आणि कोणतं औषध फवारत होतो ते बाटली दाखवून सांगा.

ती मोटार परत फवारणी पंपात बसवा. तिची जागा तिथेच आहे. गुरांच्या पाण्याला नवा पंप आणायचा. हा खर्च टाळता येण्यासारखा नाही, आणि पुढे सांगतो त्यावरून कळेल की तो करण्यात तोटाही नाही.

फवारणीची मोटार दाबासाठी बनवलेली असते. बारीक नोजलमधून तुषार उडवायचे म्हणून ती पाणी थोडं देते, पण जोरात ढकलते. मिनिटाला साधारण ३ लिटर धरा. २०० लिटरचा हौद भरायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती ३ अँपिअर ओढत राहते. म्हणजे ८ एएचच्या बॅटरीतले तीन एएचहून जास्त एका हौदाला गेले. खरं पाहिलं तर २०० लिटर पाणी अडीच मीटर वर चढवायला दीड वॅट-अवरसुद्धा लागत नाही. तुमची बॅटरी भरलेली आणि धडधाकट असेल तर तिच्यात ९६ वॅट-अवर असतात. बाकीची सगळी ताकद हौदाला नको असलेल्या दाबात आणि मोटारीच्या उष्णतेत जाते.

तुम्हाला हवा आहे तो पाण्यात बुडवून ठेवायचा १२ व्होल्टचा पंप, नावेच्या तळातलं पाणी उपसायला वापरतात त्या जातीचा. खाली जाळी, आत पंखा, वर एक इंची किंवा पाऊण इंची नळीचं तोंड. खोक्यावर दोन आकडे बघा. पहिला, तो किती अँपिअर घेतो. अडीच ते तीन पुरे. दुसरा, तो जास्तीत जास्त किती उंच पाणी चढवतो. टाकीच्या तळापासून हौदाच्या काठापर्यंत तुमची उंची अडीच मीटर असेल तर चार-पाच मीटर लिहिलेला घ्या. 'तासाला २००० लिटर' असं छापलेलं असतं ते उंची शून्य असतानाचं. तुमच्या उंचीला निम्मं मिळेल असा हिशेब ठेवा. तरी हौद बारा-पंधरा मिनिटांत भरतो, आणि बॅटरीतून एक एएचसुद्धा जात नाही. नळी आखूड ठेवा, वाटेत दुमडू देऊ नका.

या पंपाची एक खोड आहे. तो कोरडा चालू द्यायचा नाही. पाणीच त्याला थंड ठेवतं. टाकी संपली आणि पंप फिरत राहिला तर सील जळतं. तुमच्या मायला आवाज बदलला की बंद करायचं कळेल, पण माणसाचं ध्यान दुसरीकडे जातंच. म्हणून टाकीत लोंबकळणारा फ्लोट स्विच टाका. पाणी खाली गेलं की तो आपोआप तोडतो. तो मुख्य स्विचच्याच वायरीत पुढे जोडायचा. बसवताना एवढं बघा की गोळा खाली लोंबला की पंप बंद करणारी जोडणी हवी. काही फ्लोटमध्ये दोन्ही जोडण्या निघतात आणि उलटी निवडली तर टाकी भरलेली असताना पंप चालत नाही.

आता स्विच का वितळला ते बघू. हे नीट समजलं तर पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल.

१२ व्होल्टचा झटका बसत नाही. म्हणून आपण सगळेच त्याला हलक्यात घेतो. माझ्या वाइंडिंगच्या दुकानात ३० वर्षं झाली. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीपुढे अदबीने उभे राहणारे लोक बॅटरीची वायर मात्र दातांनी सोलून पीळ मारतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. पण झटका बसतो व्होल्टमुळे आणि वायर जळते अँपिअरमुळे. घरातला ३६ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर एक षष्ठांश अँपिअरच्या जरा खाली घेतो. ३६ वॅटचीच मोटार १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेते. काम तेवढंच, पण वायरीतून वाहणारा करंट जवळजवळ वीसपट. म्हणजे १२ व्होल्टचा सांधा घरातल्या दिव्याच्या सांध्यापेक्षा जास्त पक्का हवा, आणि आपण करतो नेमकं उलट.

तुमच्या बेड-स्विचच्या आत पितळेच्या दोन इवल्या पट्ट्या असतात. पीळ मारलेली वायर स्क्रूखाली सैल बसली असेल आणि तिथे अर्धा ओहम जरी अडथळा झाला असेल, तरी ३ अँपिअरला साडेचार वॅट उष्णता त्या बोटभर प्लास्टिकमध्ये तयार होते. उष्णतेने पट्टी काळी पडते, काळी पडली की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी तापते. तिसऱ्या दिवशी वितळला यात नवल नाही. दुसरं कारण, घरातला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. बटण उघडताना उडालेली ठिणगी तिथल्या तिथे विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही, त्यामुळे ठिणगी जास्त वेळ टिकते आणि पट्ट्या खाते. मोटार बंद करताना तर तिच्या गुंडाळीतून उलटा धक्का येतो, त्याने ठिणगी आणखी मोठी होते.

आणि ती बेलची वायर. अर्धा एमएमची असेल. जाऊन-येऊन २४ मीटर. तेवढ्या तांब्याचा अडथळा पाऊण ओहमच्या वर जातो, आणि ३ अँपिअरला अडीच व्होल्ट वायरीतच संपतात. मोटारीला पोचतात साडेनऊ. त्यात बॅटरी थोडी उतरली की नऊ. मोटार कण्हत फिरते आणि आपण म्हणतो बॅटरी बसली. बसलेली आहेच, पण सगळा दोष तिचा नाही.

म्हणून वायर जाड करण्याआधी ती आखूड करा. बॅटरी स्वयंपाकघरात हवी, कारण चार्जिंग तिथे आहे आणि उन्हापासून आडोसा तिथे आहे. पंप टाकीत हवा. या दोन गोष्टी १२ मीटर वायरीने जोडायची गरजच नाही. हँडल असलेला प्लास्टिकचा डबा घ्या, औजारांचा मिळतो तसा. त्यात बॅटरी बसवा. ८ एएचची बॅटरी अडीच किलोच्या आत-बाहेर असते. तुमची माय पंधरा किलोच्या बादल्या शेंदते, हा डबा तिला जड नाही. पाणी द्यायच्या वेळी डबा टाकीजवळ आणायचा, जोडायचा, काम झालं की परत आत.

जोडणी सांगतो. आकृती नाही, पण एक वाट म्हणून वाचा. बॅटरीच्या प्लसपासून निघा, मोटारीतून जा आणि मायनसला परत या. वाटेत जे जे येईल ते एकामागून एक, साखळीच्या कड्यांसारखं.

बॅटरीच्या प्लसवरून लाल वायर निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज. हे सगळ्यात आधी, स्विचच्याही आधी. फ्यूज मोटारीला वाचवायला नसतो, वायरीला आणि घराला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं. एवढीशी बॅटरी, पण दोन्ही टोकं एकमेकांना चिकटली तर क्षणभर १०० अँपिअर सोडू शकते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एकदा धुळ्याहून सोनगीरला एका शेतावर जाताना मी अशीच बॅटरी आणि पक्कड एकाच पिशवीत टाकली होती. गाडी खड्ड्यात आदळली, पक्कड दोन्ही टोकांवर आडवी पडली. पिशवी मांडीजवळ होती. कापड पेटलं, पक्कडीला खाच पडली, आणि मांडीवरचा डाग अजून आहे. त्या दिवसापासून फ्यूज नसलेली बॅटरी मी दुकानातून बाहेर जाऊ देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

फ्यूज गाडीतला पातीचा घ्या, ५ अँपिअरचा, बदामी रंगाचा येतो. त्याचा वायरीवर बसणारा होल्डर मोटरसायकलच्या स्पेअरच्या दुकानात मिळतो. मोटार सुरू होताना क्षणभर जास्त ओढते, तेवढं ५ चा फ्यूज सोसतो. नवा चांगला पंप लावताच उडायला लागला तर साडेसातचा तपकिरी लावा. त्यापुढे जाऊ नका. आणि सिगारेटच्या पाकिटातली चंदी, वायरीची तार, यातलं काहीही फ्यूजच्या जागी कधीच नाही.

फ्यूजनंतर लाल वायर आणि बॅटरीच्या मायनसची काळी वायर, दोन्ही एका दोन पिनच्या कपलरमध्ये (जोडता-काढता येणाऱ्या जोडात) येतात. उलटा घुसूच शकत नाही असा कपलर मागा. ज्या अर्ध्या भागाची पितळी टोकं आत झाकलेली असतात तो बॅटरीकडे लावा, उघड्या पिनांचा भाग पंपाकडे. डब्यात एवढंच : बॅटरी, फ्यूज, कपलर. चार्जरच्या वायरीलाही पंपासारखाच अर्धा कपलर लावा. म्हणजे डब्याला एका वेळी चार्जर तरी लागेल नाही तर पंप तरी. चार्जर भिंतीत, डबा अंगणात आणि हात ओले, असं घडायला वावच उरत नाही. तुम्हाला घरातल्या लाइटची भीती वाटली ती बरोबर होती. १२ व्होल्टचा पंप चार्जर लावून चालवला की ती भीती मागच्या दाराने परत येते. जनावरं तर माणसापेक्षा लवकर दगावतात, चार पाय ओल्या जमिनीवर असतात.

पंपाकडची बाजू कायमची बसवा. टाकीजवळच्या खांबावर, मायच्या छातीच्या उंचीला, पावसापासून झाकलेली प्लास्टिकची पेटी. कपलरमधून आलेली लाल वायर स्विचच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकातून फ्लोटला, फ्लोटमधून पंपाच्या लाल वायरीला. पंपाची काळी वायर सरळ परत कपलरला. स्विच मायनसमध्ये घातला तरी पंप चालेल-थांबेल, पण मग बंद असतानाही टाकीत गेलेल्या वायरीत प्लस जिवंत राहतो. म्हणून तो लाल वायरीतच. काही पंपांना उलटी जोडणी सोसत नाही, काहींचा पंखा उलटा फिरून पाणी कमी येतं. लाल ते लाल, काळी ते काळी, यात प्रयोग नको.

स्विच ट्रॅक्टर किंवा रिक्षाच्या स्पेअरच्या दुकानातून घ्या, टॉगल किंवा रॉकर, ज्यावर १२ व्होल्ट आणि १० अँपिअर किंवा जास्त लिहिलंय असा. वर रबराची टोपी असलेला मिळाला तर उत्तम, ओल्या बोटांनी दाबला जाणार आहे. त्या पेटीतच मोटारीच्या लाल आणि काळ्या वायरींमध्ये ५४०८ नंबरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) आडवा जोडा, पट्टा लाल वायरीकडे. मघाशी सांगितलेला उलटा धक्का तो आतल्या आत जिरवतो आणि स्विचचं आयुष्य वाढतं. पट्टा चुकून काळीकडे गेला तर चालू करताच फ्यूज उडेल. घाबरू नका, डायोड नवा घेऊन फिरवून लावा.

वायर दीड एमएमची, तांब्याची, लवचीक. इतक्या कमी अंतराला तीच भरपूर आहे.

सांध्यांवर मात्र वेळ द्या. सकाळचे दोन तास गेले तरी चालतील. पीळ मारून चिकटपट्टी नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, चिकटपट्टीचा गोंद पाघळतो, पट्टी सुटते आणि खाली हिरवट गंज चढलेलं तांबं दिसतं. प्रत्येक टोकाला थिंबल (वायरीवर दाबून बसवायचं धातूचं टोक) लावा आणि क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा. दाबल्यावर वायर हाताने ओढून बघा, निघाली तर ती पाणी देताना निघणारच होती. जिथे दोन वायरी जोडायच्या तिथे डाग द्या (सोल्डर करा) आणि वर गरम केली की आवळणारी स्लीव्ह चढवून गरम करा. डाग देण्याआधी स्लीव्ह वायरीत घालायला विसरू नका, नंतर जात नाही. आणि एक नियम पाळाच : टाकीच्या आत, पाण्यात किंवा पाण्यावर, एकही सांधा नको. पंपाची वायर आखूड असेल तर जास्त लांब वायरीचा पंप शोधा. नाहीच मिळाला तर सांधा टाकीच्या तोंडाबाहेर, खांबावरच्या पेटीत.

सगळं जोडल्यावर दहा मिनिटं पंप चालवा आणि एकेक सांधा बोटाने चाचपा. फ्यूजचा होल्डर, कपलर, स्विच. कोमट चालेल, पण चटका लागेल इतकं गरम काहीही नको. जिथे गरम लागेल तिथला सांधा काढून परत करा. याला मीटर लागत नाही.

आता बॅटरी. पंधरा मिनिटांत हिरवा होणारा दिवा ऐकून तुम्हाला वाटलं असेल की बॅटरी लवकर भरते. ती भरतच नाही. ८ एएचची रिकामी बॅटरी फवारणी पंपाच्या चार्जरवर पाच-सहा तास घेते. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कडक थर बसतो. मग करंट आत शिरत नाही, व्होल्ट झटकन वर जातात, आणि चार्जर समजतो की काम झालं. फवारणी पंपाच्या बऱ्याच बॅटऱ्या कामाने मरत नाहीत, अशा पडून मरतात. शेवटची फवारणी झाली की पंप तसाच कोपऱ्यात जातो आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोणी बघत नाही. त्यात वर तापलेला पत्रा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं, आणि साधारण दर १० अंशांना ते निम्म्यावर येतं.

खात्री करायची असेल तर मीटर मागून आणा. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून चार-पाच तास तशीच ठेवा, मग व्होल्ट बघा. चांगली बॅटरी १२.७ च्या जवळ दाखवते, अर्धी भरलेली १२.२ च्या आसपास. मग पंप जोडून परत बघा. आकडा लगेच ११ च्या खाली कोसळला तर तिला निरोप द्या. फोडू नका, आतलं ॲसिड आणि शिसं घरात नको. बॅटरीच्या दुकानात जुनी परत घेतात आणि नवीच्या किमतीत थोडं वजा करतात.

मोटरसायकलची बॅटरी नको. ती स्टार्टरला क्षणभर जोर द्यायला बनवलेली असते, रोज निम्मी उतरवून परत भरायला नाही. त्यातून ती बहुधा ८ एएचपेक्षा लहानच असते, आणि ज्या दिवशी मायला दवाखान्यात न्यायचं असेल त्याच दिवशी गाडीला सेल्फ लागणार नाही. फवारणी पंपाचीच नवी १२ व्होल्टची घ्या, ८ किंवा १२ एएच. कोणी लिथियमची दिली तर तिचा चार्जर तिच्याबरोबरचाच हवा. जुना शिशाचा चार्जर लिथियमला कधीही लावू नका, आग लागू शकते.

डबा ठेवायचा धाब्याच्या खोलीत, जमिनीवर, सावलीत. मातीचं धाबं पत्र्यापेक्षा किती थंड असतं ते तुम्हाला सांगायला नको. चुलीजवळ मात्र नाही. आणि चार्ज करताना डब्याचं झाकण उघडं ठेवा, बॅटरीतून थोडा वायू निघतो. पुढे पैसे जमले की २० वॅटचं सौर पॅनेल आणि छोटा कंट्रोलर घ्या, दिवसाला पाच-साडेपाच एएच सहज भरतील. आपल्या उन्हाला पाहून धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, आपली एक बॅटरी त्यावर नक्की भरेल. फक्त पॅनेल कंट्रोलरशिवाय थेट बॅटरीला लावू नका. ते भर उन्हात १८-२० व्होल्ट देतं.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. पुढच्या आठवड्यात तुम्ही गाडीत बसाल, आणि मग वर्षभर हा पंप चालवणार आहे तुमची माय. तेव्हा अमळनेरला जाऊन सामान आणलंत की जोडताना तिला शेजारी बसवा. घरात शेंदूर असेलच, त्याने किंवा लाल नेलपॉलिशने कपलरच्या दोन्ही अर्ध्यांवर एकेक ठिपका द्या, ठिपक्यासमोर ठिपका आला की ढकलायचं. तिला सांगायचं ते फार नाही. पाणी दिलं की डबा आत आणून त्याच संध्याकाळी चार्जरला लावायचा, बॅटरी उतरलेली रात्रभर ठेवायची नाही. लाइट गेली तरी हरकत नाही, आली की भरेल. बारा-पंधरा दिवस पंप लागला नाही, पावसात लागणारही नाही, तरी महिन्यातून एकदा डबा चार्जरला लावायचा. जाळीला गाळ अडकला की पाणी कमी येतं, तेव्हा आधी कपलर काढायचा, मग पंप दोरीने वर ओढून जाळी धुवायची. दोरी वेगळी बांधा. पंप वायरीला धरून कधीच ओढायचा नाही.

आणि फ्यूज बदलणं. पाच जादा फ्यूज काडेपेटीत घालून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. मग एक उडवलेला फ्यूज मुद्दाम लावा, मायच्या हातात डबा द्या आणि पंप का चालत नाही ते तिलाच शोधू द्या. तुम्ही हात लावायचा नाही, बाजूला उभं राहायचं. पातीच्या आतली तुटलेली तार उजेडात धरून कशी दिसते ते तिला एकदा दाखवा. पहिल्यांदा तिला वेळ लागेल, बोटं घाबरतील. दुसऱ्यांदा परत करायला लावा. उडालेला फ्यूज तिने बदलला आणि नवाही लगेच उडाला तर तिसरा घालायचा नाही, डबा आत ठेवून तुम्हाला फोन करायचा आणि त्या दिवशी शेजारच्या पोराकडून चार बादल्या काढून घ्यायच्या. शेजारच्या पोरालाही हे निघण्याआधी सांगून ठेवा.